मुठेल, आत्या आणि तोंडाला लावायचं काहीतरी

कोकणातल्या घरांत एक वस्तू अशी असते की जी पाहुण्यांच्या नजरेला सहसा पडत नाही. कोनाड्यात नाहीतर फडताळाच्या खालच्या खणात, जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला एक गोळा. रंग पिवळट पांढरा, आकार अंड्याएवढा, हाताला साबणाच्या वडीसारखा कडक. नीट पाहिलं तर त्याच्यावर करणारीच्या बोटांचे ठसेही दिसतात. हे मुठेल. मुठीत दाबून वळतात म्हणून मुठेल. कुणी भिरंडेल म्हणतं, कुणी नुसतं कोकमतेल. शहरातल्या लेकीसुनांच्या पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी भरताना एका कोपऱ्यात हा गोळाही जातो, आणि मग तिकडच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतो. टाचांना भेगा पडल्या की आठवण येते, तोपर्यंत नाही.

गेल्या दोन महिन्यांत मला तिघींनी एकच प्रश्न विचारला. दोघी मैत्रिणी, एक चुलत नणंद. तिघीही पन्नाशीच्या पुढच्या. "अगं, वय झालेल्या त्वचेला लावायला घरच्या घरी काही करता येतं का? ते बाजारातलं नको वाटतं आता, आणि किमती तर बघवत नाहीत." प्रत्येकीला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून बसले. कृती खरं तर आठ-दहा ओळींची आहे. पण ती मला जिच्यामुळे करावी लागली त्या आत्याला वगळून सांगता येईना. तेव्हा मंडळी, थोडा धीर धरा, कृती येते आहे :)

माझं माहेर हेदवीचं. गुहागर तालुक्यातलं. हेदवी म्हटलं की लोकांना टेकडीवरचा दशभुजा लक्ष्मीगणेश आठवतो, नाहीतर भरतीच्या वेळी बामणघळीत घुसून उंच उसळणारं पाणी. मला मात्र एप्रिल-मे महिन्यातलं आमचं अंगण आठवतं. सगळं अंगण लालजांभळं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं त्याच रसात मीठ घालून बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात, पुन्हा ऊन. असे चार-पाच दिवस गेले की आमसूल तयार. हे सगळं पाऊस यायच्या आत उरकायला हवं, म्हणून धावपळ. बोटं महिनाभर रंगलेली.

या सगळ्याची मुकादम माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण. १९८१ साली काका गेले तेव्हा ती चाळिशीची होती, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी हेदवीला परत आली ती कायमची. आता चौऱ्याऐंशी पूर्ण आहेत. ऐकू थोडं कमी येतं, बाकी तल्लख. घर आता माझा चुलतभाऊ आणि वहिनी बघतात, पण आमसुलं किती बुडवून झाली हे अजूनही आत्यालाच विचारावं लागतं.

बिया कुणी टाकून देत नसे. त्या धुऊन, वाळवून ठेवायच्या आणि सवडीने फोडायच्या. वरचं टरफल काढून आतला गर उखळात कुटायचा, पाणी घालून टोपात उकळत ठेवायचा. चरबी वर तरंगते. रात्रभर निवू दिलं की सकाळी वर पांढरट थर धरलेला असतो. तो काढायचा, पुन्हा एकदा वितळवून गाळायचा, आणि घट्ट होत आला की मुठीने वळायचा. बियांत साधारण त्यांच्या वजनाच्या पाव हिस्सा तेल असतं असं पुस्तकं सांगतात. घरच्या रीतीने तेवढं निघत नाही. एक किलो बियांची एवढी मरमर करून पाव किलोसुद्धा हाती लागत नाही. म्हणून ते जपून वापरायचं. टाचांना, फुटलेल्या ओठांना, थंडीत उललेल्या हातांना, गुराच्या जखमेला सुद्धा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी आठ दिवस हेदवीला राहिले होते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो कोरडा गार वारा सुरू झाला होता. आत्याच्या गालांवर पांढरी कोंड्यासारखी सालं सुटली होती, कपाळावर बारीक चिरा. रात्री ती झोपेत तोंड खाजवायची. एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे दोन ठिपके दिसले. वहिनी म्हणाली, महिनाभर असंच चाललंय, विचारलं की म्हणतात काही होत नाही. त्या वयाला कातडी कागदासारखी पातळ झालेली असते. नखाने नुसतं ओरखडलं तरी फाटते, आणि भरून यायला आठवडे लागतात. आम्ही डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नीट तपासून सांगितलं की आजार काही नाही, त्वचा भयंकर कोरडी पडली आहे, तोंडाला साबण लावणं बंद करा आणि दिवसातून दोनदा काहीतरी स्निग्ध लावा.

साबण आत्याने लगेच सोडला. पण लावायचं म्हटल्यावर मान हलवली. मी माझी बाटली पुढे केली, तर "वास येतो." वहिनीने खोबरेल दिलं, तर "चिकट होतं, माशा बसतात." मग मला फडताळातलं मुठेल आठवलं. म्हटलं, हे तर तुझ्या हातचं आहे, हे लाव. त्यावर ती हसायलाच लागली.

"अगो, पायाला लावतात ते तोंडाला लावतात काय?"

हा पहिला आक्षेप. तसा रास्त. टाचेवर आणि गालावर एकच गोळा फिरवायचा हे कुणालाही रुचणार नाही. शिवाय मुठेल आहे तसं तोंडाला लावणं सोपंही नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कोकमाची चरबी वितळते ती ४० अंशांच्या आसपास. आपल्या गालाचं तापमान असतं ३२ ते ३४ अंश. म्हणजे नुसतं टेकवल्याने ती वितळतच नाही, घासावी लागते. टाचेला घासा, टाच काही म्हणत नाही. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या गालाला घासायचं म्हणजे डॉक्टरांनी नको सांगितलेलं तेच करायचं. तेव्हा मुठेल मऊ करायला हवं होतं.

इथे थोडं शास्त्र. वाचून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर हा जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीसारखा असतो. चिरे म्हणजे मेलेल्या चपट्या पेशी, आणि मधला चुना म्हणजे निरनिराळे स्निग्ध पदार्थ. चुना चांगला असेल तर आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचं काही आत येत नाही. वय वाढतं तसा हा चुना कमी तयार होतो. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर तेलग्रंथीही मंदावतात, आणि आतल्या थरातलं कोलॅजेन तर पहिल्या पाच वर्षांत सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतं असं मानतात. भिंत तीच, पण सांधे मोकळे पडलेले. वारा सुटला की पाणी उडतं, कातडी आवळते, खाज सुटते. साबण हा उरलासुरला चुनाही धुऊन नेतो.

यावर मलम काय करतं? तीन कामं. ग्लिसरिनसारखं काही असेल तर ते पाणी धरून ठेवतं. तेलं सांध्यांत शिरून कातडी मऊ करतात. आणि घट्ट चरबी वरून झाकण घालते. मुठेल शेवटची दोन कामं करतं. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं आणि उरलेल्यात बहुतेक ओलेइक. हे स्टिअरिक आम्ल तुमच्या माझ्या ओळखीचं आहे. आपल्या आया तोंडाला स्नो लावायच्या ना, लावला की दिसेनासा होणारा? १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवालांनी काढलेला अफगाण स्नो तर घराघरांत होता. त्या प्रकारच्या स्नोंचा पाया म्हणजे स्टिअरिक आम्लच. आमच्या रातांब्याच्या बीत तेच असतं, फक्त तेलाच्या रूपात बांधलेलं.

आणि आपण ज्याला टाचेचं औषध म्हणून कोनाड्यात टाकतो, त्याचा बाहेर केवढा मान आहे ते बघा. परदेशी क्रीमच्या डबीवर बारीक अक्षरांत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे हेच. युरोपातल्या २००० सालच्या चॉकलेटच्या नियमात कोकोच्या लोण्याबरोबर थोड्या प्रमाणात चालतील अशा सहा वनस्पती-चरबींची यादी आहे, तीत कोकम आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं मी आत्याला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, लावा तोंडाला."

:)

आता कृती. पुण्याला घरी दोन-तीनदा करून बघून, मग हेदवीला पक्की केली.

१. मुठेल आधी शुद्ध करून घ्या. घरगुती गोळ्यात बियांचे कण आणि थोडं पाणी असतं. छोट्या टोपात मंद आचेवर वितळवा. लोणी कढवताना करतो तसंच. तडतड थांबली की पाणी गेलं. करपू देऊ नका. मलमलच्या कोरड्या फडक्यातून गाळा.

२. तेल घ्या. मी साधं शुद्ध केलेलं सूर्यफुलाचं तेल घेते, स्वयंपाकाचं. तिळाचंही चालतं. ऑलिव्ह तेल भारी म्हणून घेऊ नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात माणसांच्या हातांवर दोन्ही तेलं लावून पाहिली होती. ऑलिव्हने वरच्या थराची ती भिंत उलट कमजोर झाली, सूर्यफुलाच्या तेलाने ती टिकली आणि ओलावा वाढला.

३. प्रमाण ऋतूप्रमाणे. थंडीत एक भाग मुठेलाला दोन भाग तेल, म्हणजे २० ग्रॅमला ४० ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये कोकणात एवढं तेल घातलं तर डबीत पातळ पळी होऊन बसतं, तेव्हा निम्मं निम्मं. एकदम किलोभर करू नका. दोन महिने पुरेल एवढंच करा, कारण तेल खवट होतं.

४. वाटी गरम पाण्यात ठेवून मुठेल पुन्हा वितळवा, त्यात तेल ढवळा. मग वाटी गार पाण्यात ठेवून घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. हे सोडू नका. आपोआप निवू दिलं तर रवाळ होतं. तूप रवाळ झालं तर आपण खूश होतो, पण हे रवाळ झालं तर तोंडाला बारीक वाळूसारखं लागतं.

५. धुऊन खडखडीत वाळवलेल्या रुंद तोंडाच्या डबीत भरा. काढताना ओलं बोट नको, कोरडा चमचा वापरा.

झालं. लावायची वेळ मात्र महत्त्वाची. तोंड कोमट पाण्याने धुऊन, टिपून, कातडी थोडी ओलसर असतानाच लावायचं. झाकण घालायचं तर आत पाणी असायला हवं ना! फार कोरडेपणा असेल तर पाव चमचा ग्लिसरिन चार-पाच चमचे पाण्यात कालवून आधी ते लावावं आणि त्यावर हे. ते पाणी रोज ताजं करायचं, डबीत मिसळायचं नाही. मुठेल हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरतं. तळहातावर घेऊन चोळायचं, वितळलं की तळवे गालांवर नुसते दाबायचे. घासायचं नाही.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. लाल झालं, खाज आली तर तुम्हाला ते मानवत नाही. 'नैसर्गिक' आहे म्हणून सगळ्यांना चालेलच असं नसतं, खाजकुयलीही नैसर्गिकच असते.

काय घालू नये हेही सांगते, कारण विचारणार आहातच. लिंबाचा रस नको. तो तोंडाला झोंबतो, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात. अत्तर, सुगंधी अर्क नकोत, म्हाताऱ्या कातडीला तेच आधी बोचतात. ताजी कोरफड किंवा गुलाबपाणीही डबीत नको. पाणी गेलं की बुरशी आलीच, आणि आमच्या दमट हवेत तर चार दिवसांत. बाजारातल्या क्रीमांत टिकवण्यासाठी काही घातलेलं असतं ते उगीच नसतं. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक असावं. शतधौत घृत माहीत आहे ना? तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन पांढरंशुभ्र मऊ मलम करतात ते. चरकसंहितेतही त्याचा उल्लेख आहे, दाहावर. लावायला सुरेख. पण त्यात पाणी धरलेलं असतं, म्हणून ते थोडं करावं आणि लवकर संपवावं. मी आत्यासाठी तेच करणार होते, पण शंभर धुण्यांचा हिशेब कोण ठेवणार?

आता, यातून काय होत नाही ते. सुरकुत्या जात नाहीत. त्वचा मऊ आणि भरलेली राहिली की बारीक रेषा थोड्या कमी दिसतात, तेवढंच. वय मागे नेणारं मलम आमच्या फडताळात नाही, आणि तीन हजारांच्या डबीत असेल तर त्यांनी सिद्ध करून दाखवावं. बऱ्याचशा सुरकुत्या वयाच्या नसतातच, उन्हाच्या असतात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१२ साली एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली, खिडकी डाव्या हाताला. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी! मी आत्याला तो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला, मग पोलक्याची बाही थोडी वर सरकवून दंडाची आतली बाजू मला दाखवली. नितळ, गोरी, एक सुरकुती नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचीच कातडी ती पण. तोंडाने मात्र चाळीसएक वैशाख अंगणात काढलेले, आमसुलं पसरत, डोक्यावरून पदर घेतला तरी जमिनीवरून वर येणाऱ्या धगीला आडोसा कुठला. ज्या रातांब्याच्या सालांनी हे तोंड रापलं, त्याच्याच बीचं मी तिला लावायला सांगत होते.

तेव्हा दिवसा बाहेर जाणाऱ्यांनी ऊन अडवणारं मलम वेगळं लावा, मुठेल ते काम करत नाही. आणि भरत नसलेला व्रण, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ दिसला तर घरचे उद्योग बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

हं. तर डबी तयार झाली. आत्याचा पहिला आक्षेप मिटला होता, कारण आता तो पायाचा गोळा राहिला नव्हता. तरी डबी कपाटावर तशीच. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना, दुसरा आक्षेप बाहेर आला.

"मी सोडलंय ना गो ते सगळं."

काय सोडलं, मी विचारलं नाही. पण ती सांगायला लागली. काका गेल्यावर दहाव्या दिवसानंतर कुणीतरी तिची फणीकरंड्याची पेटी उचलून माळ्यावर ठेवली. कुंकू त्यात, पावडर त्यात, स्नोची निम्मी बाटली त्यात. कुणी बोललं नाही, ओरडलं नाही. नुसती पेटी वर गेली. तिनेही खाली काढली नाही. त्यानंतर तोंडाला पाणी आणि साबण, बस्स. चाळीस वर्षं. टाचांना मुठेल लावताना कधी काही वाटलं नाही, कारण टाचा म्हणजे कामाच्या. तोंड म्हणजे... ती थांबली. मग म्हणाली, "तोंडाला लावलं की लोक म्हणतात, कुणासाठी?"

मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. ज्या जिल्ह्यातून महर्षी कर्वे निघाले तिथली आम्ही माणसं. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, १८९६ साली पुण्यात आश्रम काढला, हे सगळं आम्ही शाळेत पाठ केलेलं. आत्यानेही केलेलं! केशवपन आमच्या आजीच्या पिढीबरोबरच संपलं. पण माळ्यावरची पेटी कुठल्या कायद्यात बसत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद असा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. फार चांगलं झालं. मी आत्याला ती बातमी तेव्हाच वाचून दाखवली होती. तेव्हा ती म्हणाली होती, "पुढच्यांना बरं होईल." स्वतःचं नाव तिने त्यात धरलंच नव्हतं.

मी एवढंच म्हटलं, "आत्या, हे शृंगाराचं नाही. रात्री तुला खाज सुटते, रक्त येतं. तुझ्या टाचेला भेग पडली की तू लावतेस, तशी ही गालाला पडलेली भेग आहे. कातडी एकच, पायाची काय नि तोंडाची काय." ती काही बोलली नाही. मीही उठले आणि चहा टाकायला गेले.

लावलं की नाही हे मी दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी हळूच म्हणाली, डबीत बोटाचा खड्डा दिसतोय. (बोटाचा! कोरडा चमचा राहिला बाजूला.) आठवड्याने गालावरची सालं गेली. महिन्याने वहिनीचा फोन आला की रात्री खाजवणं थांबलं, अभ्रे स्वच्छ आहेत. गाल नितळ वगैरे काही झाले नाहीत. सुरकुत्या आहेत तिथेच आहेत. पण फोनवर आत्या स्वतः बोलायला आली आणि म्हणाली, "काय गो, पुढच्या खेपेला डबी मोठ्या तोंडाची आण, माझी बोटं वाकत नाहीत."

आता ती डबी तिच्या उशाशी असते, चष्म्याच्या शेजारी, उघड्यावर. माळ्यावरची पेटी अजून माळ्यावरच आहे, आणि ती खाली काढायची की नाही हे तिचं तिने ठरवायचं. मागल्या मे महिन्यात तिने शेजारच्या वाडीतल्या एका बाईला, सत्तरीच्या, तीही एकटीच, एक डबी दिली. वहिनी सांगत होती की देताना आत्या म्हणाली, "औषध आहे, रात्री लाव." औषध म्हटलं की घेता येतं. मला वाटतं तिने स्वतःसाठीही हाच शब्द शोधून काढला असावा. मी मध्ये पडले नाही. वापरू दे ना कुठल्याही नावाने.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी छप्पन्न वर्षांची आहे, नवरा शेजारच्या खोलीत क्रिकेट बघतोय, आणि तोंडाला काय लावायचं यावर मला आजवर कुणी अडवलेलं नाही. तरी परवा आरशासमोर ही डबी उघडताना मनात आलंच, की आता या वयात कशाला. म्हणजे ते 'कुणासाठी?' आपल्याही आत कुठेतरी बसलेलं असतं, नवरा असो वा नसो. तिघी मैत्रिणींनी विचारतानाही सुरुवात "हसू नकोस हं" अशीच केली होती. हसायचं काय त्यात? दात दुखला तर आपण दाताकडे बघतोच.

असो. तुमच्या घरात कुणी अशी आत्या, मावशी, सासूबाई असेल तर तिच्या गालावरून एकदा हात फिरवून बघा. खरखरीत लागला तर विचारा, रात्री खाज येते का. बहुतेक जणी 'काही होत नाही' म्हणतील. तेव्हा उशीचा अभ्रा बघा. आणि या वेळी कोकणात गेलात तर आमसुलांबरोबर मुठेलाचा एक गोळा मागून आणा. करणारी माणसं कमी होत चालली आहेत, बिया कुटायला कुणाला वेळ नाही, त्यामुळे मिळेल त्या किमतीला घ्या, घासाघीस करू नका. एका गोळ्यात एका म्हाताऱ्या तोंडाची अख्खी थंडी निघते.

कुणाकडे मुठेल मऊ करायची वेगळी रीत असेल तर जरूर कळवा. आत्याला वाचून दाखवीन. ती नावं ठेवील, पण करून बघील.